अंगाचं माप, रस्त्याची रीत

दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांची धुराडी पेटली, की बारामती आणि इंदापूर तालुक्यांतले रस्ते अरुंद होतात. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा. ज्या त्या कारखान्याच्या दिशेने बैलगाड्या, ट्रक आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर निघतात. ट्रॉलीच्या दोन्ही अंगांनी उसाची टोकं हातभर बाहेर आलेली असतात आणि ट्रॅक्टरवर मोठ्याने गाणी लागलेली असतात. थंडीच्या दिवसांत संध्याकाळी सहाच्या सुमारास अंधारून येतं. नेमकं त्याच वेळेला हायस्कूलच्या मुली घरी निघतात, एमआयडीसीतली पाळी सुटते, बाजार उरकून वयस्क माणसं वस्तीकडे वळतात. त्यांतले कितीतरी जण सायकलवर असतात आणि डांबराची कड व मुरमाची साईडपट्टी यांच्या मधल्या वीतभर जागेतून वाट काढतात. ती वीतभर जागा आणि तिथून रोज जाणारी माणसं हा या पुस्तिकेचा विषय आहे.

या माणसांकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. उसाचं बिल आलं की दारात मोटारसायकल येते, ही आपल्या भागातली गेल्या दोन पिढ्यांची रीत. पियाजिओच्या कारखान्यामुळे दुचाकी-तीनचाकी गाड्या तर बारामतीतच तयार होतात. त्यामुळे सायकल म्हणजे मागे पडलेल्याचं वाहन, असा समज घट्ट बसला. तरीही २०११च्या जनगणनेत देशातल्या शंभरातल्या जवळपास ४५ घरांमध्ये सायकल होती. आपल्या दोन तालुक्यांत आज ती कुणाच्या हाती आहे ते पाहा: शाळेतली मुलगी, कामावर जाणारी बाई, रानात पाणी धरायला निघालेला शेतकरी, रात्रपाळीचा वॉचमन, मोटारसायकलचं पेट्रोल ज्याला परवडत नाही असा पोरगा. गेल्या काही वर्षांत त्यांच्या जोडीला गिअरच्या सायकली घेऊन पहाटे निघणारे हौशी सायकलस्वार आले. डॉक्टर, वकील, शिक्षक, व्यापारी अशी ही मंडळी भिगवणपर्यंत जाऊन उजनीच्या फुगवट्यावरचे रोहित पक्षी पाहून नाश्त्याच्या वेळेला परत येतात.

हे दोन्ही गट एकाच रस्त्यावरून जातात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. हौशी सायकलस्वाराला सीटची उंची, कपड्यांची बेतणी, हेल्मेटचा पट्टा यांची बारीक माहिती असते. रोजच्या सायकलस्वाराला ट्रॅक्टर कुठे वळतो, कुत्री कुठल्या वळणावर अंगावर येतात आणि कुठल्या बांधाशेजारी सराटे पसरलेत हे पक्कं ठाऊक असतं. एकाकडे मापाचं ज्ञान आहे, दुसऱ्याकडे रस्त्याचं. दोन्ही एकत्र आलं तर रोजची सायकल सुखाची होईल, हे मला या प्रस्तावनेत सांगायचं आहे. आपल्याकडे लोकांना सायकल नकोशी होते ती बहुतेक वेळा वाहन वाईट म्हणून होत नाही. सायकल मापाची नसते, कपडे आडवे येतात आणि रस्त्यावर कुणी जागा देत नाही, म्हणून होते. या तिन्ही गोष्टी सुधारता येतात.

आधी भूगोल. सायकलीला आपल्याइतका सोयीचा मुलूख पुणे जिल्ह्यात दुसरा नाही. बारामतीहून पिंपळी, लिमटेक, काटेवाडी, भवानीनगर, सणसर, लासुर्णे, जंक्शन, अंथुर्णे, शेळगाव, निमगाव केतकी असं करत इंदापूर ५०-५५ किलोमीटरवर येतं आणि वाटेत एकही घाट नाही. इंग्रजी अमदानीत, १८८०च्या दशकात सुरू झालेला नीरा डावा कालवा याच पट्ट्यातून वाहतो. पाणी आपल्या उताराने पुढे जावं म्हणून कालवा जवळपास सपाटीवरून काढावा लागतो, त्यामुळे त्याच्या कडेच्या वाटेला चढ म्हणून लागत नाही. वस्तीवरून शाळेला जाणाऱ्या कितीतरी मुलांची ही रोजची वाट. सावली असते, वर्दळ नसते. मात्र आवर्तन सुरू असलं की पाणी खोल आणि ओढीचं असतं, काठाला कठडा नसतो. म्हणून या वाटेने जाताना पाण्यापासून दूरच्या चाकोरीतून जायचं, आणि अंधार पडल्यावर जायचंच नाही.

वाऱ्याचा हिशोबही डोक्यात हवा. आपण पर्जन्यछायेतले, वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. ढग वरून निघून जातात, वारा मात्र आखाडात पश्चिमेकडून असा सुटतो की माळावर उभं राहवत नाही. बारामतीहून इंदापूरकडे तोंड असलं तर तो पाठीशी असतो आणि पायडल न मारता सायकल पळते. येताना तोच छातीवर बसतो. नवशिक्या माणसाला वाटतं आपल्यात दम राहिला नाही. दम असतो; वाऱ्यावर जास्त खर्च होतो, इतकंच. दूरचं काम असेल तर जाताना वारा तोंडावर आणि परतताना पाठीवर, असा बेत जमेल तेव्हा करावा. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर, हा नियम आपल्या आधीच्या पिढ्यांनी शेतीच्या कामासाठी केव्हाच घालून दिला आहे.

आता रस्ता. पाटसहून बारामती, इंदापूर, अकलूजमार्गे पुढे जाणारा हा तुकोबांचा पालखी मार्ग. १६८५ साली नारायण महाराजांनी पालखी सोहळा सुरू केला असं मानतात. तेव्हापासून हा रस्ता पायी चालणाऱ्यांचा आहे. काटेवाडीत पालखीसाठी धोतराच्या पायघड्या अंथरतात, मेंढ्यांचं रिंगण होतं, बेलवाडीला गोल रिंगण होतं. लाखांची गर्दी असून दिंडी दिंडीच्या जागी चालते आणि पुढच्याला मागच्याचा धक्का लागत नाही. त्या शिस्तीला कुठल्याही पोलिसाची गरज पडत नाही. ८ नोव्हेंबर २०२१ला या मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली आणि वारकऱ्यांसाठी दोन्ही कडांना स्वतंत्र पदपथ आराखड्यात धरले गेले. रस्ता रुंद होतो तसा वेगही वाढतो, आणि दुभाजकही येतो. पलीकडच्या शाळेत जायला दुभाजकाचं तोंड लांब असलं, की माणसं सरळ उलट्या बाजूने सायकल घालतात. हा सर्वांत घातक शॉर्टकट. समोरून येणाऱ्या गाडीचा आणि आपला वेग एकत्र होतो, आणि वळणावर उलट बाजूने कुणी येईल अशी कुणाचीच अपेक्षा नसते. लांबून वळा, नाहीतर उतरून, सायकल हातात धरून पलीकडे जा.

१९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत सायकल मोटार वाहनात मोडत नाही, म्हणून तिला लायसन लागत नाही की नंबर लागत नाही. पण रस्त्याची रीत तिलाही लागू आहे आणि रस्त्यावर तिचा हक्कही तितकाच आहे. ही रीत थोडक्यात अशी. डाव्या बाजूने जावं, पण अगदी कडेला चिकटून जाऊ नये. डांबराची कड तुटलेली असते. चाक साईडपट्टीवर उतरलं की परत वर घेताना सायकल घसरते आणि माणूस नेमका गाडीसमोर पडतो. कडेपासून दोन-अडीच फूट आत राहिलं तर खड्डा चुकवायला जागा उरते आणि मागच्याला आपण दिसतो. खड्डा दिसल्यावर ऐनवेळी हँडल वळवू नये. आधी मागे पाहावं, हात दाखवावा, मग सरकावं. तिघी मैत्रिणी शेजारी-शेजारी गप्पा मारत जातात ते पाहायला छान वाटतं. कालव्याच्या वाटेवर ते खुशाल करावं, डांबरी रस्त्यावर एकामागे एक.

उसाच्या ट्रॅक्टरबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण हंगामात तोच आपला मुख्य सोबती. दोन ट्रॉल्यांची लांबी मोठी. ट्रॅक्टर डावीकडे वळला की मागची ट्रॉली आतल्या बाजूला कापत येते. त्यामुळे ट्रॉली आणि कड यांच्या मधल्या फटीत कधीही शिरू नये, मग ती कितीही मोकळी दिसो. ट्रॉलीला धरून फुकट ओढून घेणं आणि चालत्या ट्रॉलीतून ऊस उपसणं, या दोन खेळांत पोरं चाकाखाली जातात. आईबापांनी आणि शाळांनी हे स्पष्ट शब्दांत सांगायला हवं. बैलगाडीला दुरूनच घंटी द्यावी, बैलाच्या कानाशी देऊ नये. मेंढरांचा कळप आडवा आला तर थांबावं; धनगराचं कुत्रं थांबलेल्या माणसावर सहसा येत नाही. एसटी थांब्यावर उभी असेल तर तिच्या डाव्या बाजूने जाऊ नये, कारण दार तिकडेच असतं आणि उतरणारा माणूस मागे बघत नाही.

आणि दिसणं. मागच्या मडगार्डवर लाल रिफ्लेक्टर, पायडलना पिवळे, पुढे पांढरा. नव्या सायकलीवर हे असतात, जुनीवर पन्नास-शंभर रुपयांत बसतात. शाळेचा गडद निळा गणवेश संध्याकाळच्या उजेडात पार विरून जातो. दप्तराच्या पाठीवर चमकणाऱ्या पट्टीचा एक तुकडा शिवून घेतला, तर ट्रॅक्टरच्या दिव्यात ती पुष्कळ आधी उजळते.

आता मापाकडे येतो. आपल्याकडे मुलांचा सदरा वाढत्या अंगाचा शिवतात, तशीच सायकलही वाढत्या अंगाची घेतात. पाचवीतल्या मुलीला २६ इंची सायकल येते, म्हणजे दहावीपर्यंत बघायला नको. सदरा सैल असला तर बाह्या दुमडता येतात. सायकल मोठी असली तर ब्रेकपर्यंत बोटं पोचत नाहीत, उतरताना पाय जमिनीला लागत नाही आणि पोरगी पहिल्या महिन्यात दोनदा पडली की सायकल वळचणीला जाते. मग घरचे म्हणतात, हिला जमत नाही. तिला जमतं, सायकल तिच्या मापाची नाही. २४ इंची घ्या, दोन-तीन वर्षांनी धाकटीला द्या, वरची घ्या. योजनेतून मिळणाऱ्या सायकली बऱ्याचदा सरसकट एकाच मापाच्या येतात. तिथे निदान सीट आणि हँडल खाली घेऊन, ब्रेकची मूठ जवळ करून घ्यायला हवी.

मोठ्या माणसांची चूक याच्या बरोबर उलटी. दोन्ही तळवे जमिनीला टेकले पाहिजेत म्हणून ते सीट पार खाली बसवतात. मग प्रत्येक पायडलला गुडघा छातीकडे येतो आणि वर्षभरात वाटीत कळ निघायला लागते. डॉक्टर सांगतात, सायकल बंद करा. त्याआधी एक करून पाहा. सायकल भिंतीला टेकवून सीटवर बसा, एक पायडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे आणि कंबर एका बाजूला कलता कामा नये. मग चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्यात थोडासा वाक आपोआप येतो, हेच माप. सीटखालचा बोल्ट पान्ह्याने ढिला करून, सीट वर घेऊन, पुन्हा आवळायला पाच मिनिटं लागतात. थांबताना काय करायचं, हा पुढचा प्रश्न. ब्रेक लावता लावता सीटवरून पुढे उतरायचं, एक पाय जमिनीवर, दुसरा पायडलवर. दोन दिवसांत हे अंगवळणी पडतं.

कपड्यांचं ज्ञान आपल्याकडे होतं. धोतराचा सोगा वर खोचून, लेंग्याच्या पायाला क्लिप लावून आधीची पिढी मैलोन्‌मैल जात असे. लेडीज सायकलच्या मागच्या चाकाला जाळी असे, ती साडीचा काठ तारांत जाऊ नये म्हणून. हल्लीच्या फॅशनेबल सायकलींना ना चेनकव्हर असतं ना जाळी, आणि कपडे मात्र तेच राहिले. म्हणून काही गोष्टी नव्याने सांगाव्या लागतात. ओढणी छातीवरून तिरकी घेऊन कमरेला गाठ मारा. मागे मोकळं टोक ठेवू नका. पलाझोपेक्षा चुडीदार किंवा लेगिंग बरी. पँटचा उजवा पाय मोज्यात खोचा, कारण चेन त्याच बाजूला असते. पावसाळ्यात घोळदार रेनकोटपेक्षा जाकीट आणि पँट असा दोन तुकड्यांचा घ्या. शर्ट मागून चार बोटं लांब हवा, नाहीतर पुढे वाकल्यावर कंबर उघडी पडते.

पँटच्या आतल्या शिवणींकडे तर कुणी पाहतच नाही. दोन पायांच्या आणि पुढच्या-मागच्या अशा चार शिवणी जिथे एकत्र येतात, नेमक्या त्याच गाठीवर सायकलवर बसल्यावर अंगाचा भार पडतो. जीन्समध्ये ती गाठ सर्वांत जाड असते. घामाने भिजलेल्या कापडाखाली तासभर ती घासत राहिली तर कातडी सोलते, आणि लाजेपोटी माणूस कुणाला सांगत नाही. गावातल्या शिंप्याकडून तिथे मऊ कापडाचा चौकोनी तुकडा जोडून घेतला, की चार शिवणींची गाठ फुटते आणि त्रास थांबतो. रोज लांबचा पल्ला असेल तर गादी लावलेली सायकलची चड्डी घ्यावी. ती अंगालगत घालायची असते, आत दुसरं काही नको, आणि रोज धुवायची. ती आणि वर घालायची सायकलची जर्सी दोन्ही घट्ट बसायला हव्यात. उभं राहून जर्सी पुढून आखूड वाटते, वाकल्यावर बरोबर बसते. म्हणून दुकानात घालून पाहताना वाकून पाहावी. कुणाला अंगालगतचे कपडे घालून गावातून जायला संकोच वाटतो. तेव्हा वरून सैल हाफ पँट घाला. अंगाला आराम मिळाला की काम झालं.

हेल्मेट कायद्याने सायकलला सक्तीचं नाही, पण महामार्गावरून जाणाऱ्याने घालावं. ते भुवयांच्या वर दोन बोटं बसावं, पट्टा कानाखाली जुळावा आणि हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील इतकाच सैल असावा. मागे कलंडलेलं हेल्मेट कपाळ उघडं टाकतं.

हे सगळं बारीकसारीक वाटेल. पण याच बारकाव्यांवर एखादी मुलगी शाळेत टिकते की नाही हे ठरतं. तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेच्या जोडीने हजारो बायका सायकल शिकल्या. तेव्हाच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी ते काम मनावर घेतलं होतं आणि पी. साईनाथ यांनी त्याबद्दल लिहिलं आहे. त्यात एक नोंद आहे: काही बायकांनी पुरुषांची सायकल मुद्दाम पसंत केली, कारण तिच्या दांडीवर मूल बसवता येतं. कुठली सायकल सोयीची, हे वापरणाऱ्या बाईला कळतं. तिला विचारलं पाहिजे. बिहार सरकारने २००६ साली नववीतल्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केल्यावर त्यांची शाळेतली नोंदणी लक्षणीय वाढल्याचं अभ्यासकांनी दाखवलं. आपल्याकडे वस्त्या विखुरलेल्या, हायस्कूल चार-पाच किलोमीटरवर. सायकलने वीस-पंचवीस मिनिटं. एसटीची वाट पाहण्यातच एवढा वेळ जातो, आणि गाडी चुकली तर शाळाही बुडते.

पुढच्या प्रकरणांत हे विषय एकेक करून सविस्तर घेतले आहेत. सायकल निवडणं आणि मापाची करून घेणं, कपडे, हंगामातला रस्ता, ऊन-वारा-पाऊस, आणि शेवटी घरच्या घरी दुरुस्ती. बाभळीच्या काट्याने झालेलं पंक्चर काढताना ट्यूबला ठिगळ लावून भागत नाही. टायरच्या आतून हळूहळू बोट फिरवून काट्याचं मोडकं टोक शोधून काढावं लागतं, नाहीतर अर्ध्या किलोमीटरवर चाक पुन्हा बसतं. चाकाचा आऊट काढणं, ब्रेकचे रबर बदलणं, चेनला तेल देणं हे चित्रांसह दिलं आहे. यातलं पुष्कळसं ज्ञान या दोन तालुक्यांतल्या सायकल दुकानदारांचं आणि शिंप्यांचं आहे. त्यांच्या हाताखाली पाहून-विचारून ते गोळा केलं.

पुस्तिका सायकलस्वारासाठी आहे, पण दोन शब्द मोटारीवाल्यांना आणि कारभाऱ्यांनाही. सायकलला ओलांडताना निदान हात पसरता येईल एवढं अंतर सोडा, समोरून सायकल दिसली की डिपर द्या, तिच्या मागे येऊन कानाशी हॉर्न वाजवू नका. कारखान्यांनी रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली गव्हाणीकडे घेऊच नये. नगरपरिषदांनी आणि ग्रामपंचायतींनी शाळा, एसटी स्टँड, बाजार इथे सायकल लावायला सावलीची जागा द्यावी आणि साईडपट्टी रस्त्याच्या बरोबरीने भरून घ्यावी. यातली एकही मागणी फार खर्चाची नाही.

आणि वाचकाला एवढंच सांगणं, की वाचन इथे थोडं थांबवा. घरात जी सायकल असेल ती अंगणात काढा, जो ती रोज चालवतो त्याला तिच्यावर बसवा, टाच पायडलवर ठेवायला सांगा आणि सीट त्याच्या मापाचं करा. मग पुढचं प्रकरण वाचा.